पाहण्याची मुभा

"धम्मदीप, तुझ्या शेजारी कोण बसलंय आत्ता?"

तळेगावच्या शाखेतून संगीता सिस्टरचा फोन होता. एरवी त्यांचा फोन म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला, नाहीतर कॉम्प्युटर हळू चालतोय. आज आवाज दबलेला होता, तोंडाशी हात धरून बोलावं तसा.

"सुहास सर," धम्मदीप म्हणाला.

"मग आता नुसतं हं-हं कर. कुणाचं नाव घेऊ नको. रेणुका आलीये हितं. सुहासची बायको. मनगट लय सुजलंय, एक्स-रे काढायचाय. पण ती नाव टाकू देत न्हाई."

धम्मदीपनं फोन दुसऱ्या कानाला लावला. टेबलापलीकडे सुहास चष्मा कपाळावर ढकलून, जुन्या दाढीच्या ब्रशनं कीबोर्डच्या फटींतली धूळ काढत होता. शनिवारी काम कमी असलं की तो हे करायचा. आधी स्वतःचा कीबोर्ड, मग धम्मदीपचा.

"हं," धम्मदीप म्हणाला.

"ती म्हणती, हितं नाव टाकलं की तितं लोणावळ्यात त्यांना दिसतं. बसल्या जागेवरनं. खरंय का?"

"हं."

"आन् पत्तापण?"

"हं."

फोनमध्ये मागे कुणाचं तरी लहान मूल रडत होतं.

"बाहेर बाकावर बसलीये. म्हणती, मी जाते, हाड मोडलं असलं तर मोडलं. तू काय तरी कर बाबा. मी तिला जमल तेवढी धरून ठेवती."

"प्रिंटर बंद करून परत चालू करा," धम्मदीप मोठ्यानं म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

"काय म्हणतेय?" सुहासनं मान वर न करताच विचारलं.

"तळेगावचा प्रिंटर अडकलाय."

"त्या बाईला एकदा जाऊन नीट शिकवून ये रे. दर आठवड्याला तेच." सुहास हसला. ब्रश झटकून त्यानं धम्मदीपचा कीबोर्ड पुढे ओढला.

ट्रस्टचं हे रुग्णालय म्हणजे दोन इमारती. लोणावळ्यातली मोठी, तिमजली. आणि तळेगावातली छोटी. काही वर्षांपूर्वी दोन्हीकडचे केसपेपर संगणकावर आले. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाचं एक पान झालं. नाव, गाव, फोन, आजार, एक्स-रे, सगळं त्या पानावर. ही पानं याच खोलीतल्या सर्व्हरवर होती आणि डॉक्टर आपापल्या टेबलावर बसून ती उघडत. कुणाला कुठलं पान उघडू द्यायचं आणि कुणाला दारातूनच परत पाठवायचं, हे एका फाइलमध्ये लिहिलेले नियम ठरवत. ते नियम सुहासनं लिहिले होते. त्यातली पहिलीच ओळ होती, संगणक विभागाला सगळं खुलं. आणि संगणक विभाग म्हणजे ही दोनच माणसं.

धम्मदीप कामशेतचा. वडील रेल्वेत गँगमन होते, घाटात रुळांवर चालण्यात त्यांचं आयुष्य गेलं. तो इथं लागला तेव्हा त्याला फक्त टायपिंग येत होतं. सर्व्हर म्हणजे काय, नियम कसे लिहितात, एक स्वल्पविराम चुकला तर दोन्ही इमारती कशा आंधळ्या होतात, हे सुहासनं शेजारी बसवून शिकवलं. न चिडता, पुन्हा पुन्हा. वडिलांना याच रुग्णालयात वरच्या मजल्यावर ठेवलं होतं, तेव्हा घरची सगळी माणसं दमून झोपली होती आणि सुहास त्यांच्या उशाशी बसला होता. हे धम्मदीप विसरला नव्हता.

दुसरंही काही विसरला नव्हता. सुहासच्या मोबाइलमध्ये एक नकाशा असायचा आणि त्यावर एक निळा ठिपका. "हे बघ, वहिनी तुझी आत्ता मंडईत आहे," तो दाखवायचा. "आता बघ, अर्ध्या तासात घरी पोचायला पाहिजे." ठिपका वाटेत कुठं थांबला की सुहास बाहेर जाऊन फोन लावायचा. धम्मदीपनं ही गंमत म्हणून घरी बायकोला, चंपाला सांगितली होती. चंपा हसली नव्हती. तिनं पोळी तव्यावर टाकली आणि विचारलं, "तिला ठाऊक हाय का, तुमी सगळे बघताय ते?"

आषाढात रेणुका मुलीला घेऊन घरातून निघून गेली. मोबाइल ओट्यावर ठेवून गेली. सुहास सगळ्यांना सांगायचा की माहेरी गेलीय, नवलाख उंबऱ्याला, तिच्या आईला बरं नाही. पण तोच रोज दुपारी व्हरांड्यात उभं राहून नवलाख उंबऱ्याला फोन लावायचा आणि ओठ घट्ट मिटून परत यायचा.

धम्मदीपनं टेबलाखाली मोबाइल धरून सिस्टरला लिहिलं, 'खोटं नाव टाकलं तर?'

उत्तर लगेच आलं. 'उद्या प्लेट बसवायची वेळ आली तर रक्त कुणाच्या नावानं मागवू?'

खरं नावच टाकावं लागणार होतं. त्या एका पानाला कुलूप लावणं सोपं होतं. एक ओळ लिहायची, हे पान सुहासला दाखवू नये. पण सुहास ती नियमांची फाइल रोज उघडायचा. स्वतःच्या हातानं लावलेल्या रोपाकडे बघावं तसा बघायचा. आपल्याला एकाच पानावर मनाई का, हे त्याला क्षणात कळलं असतं. रेणुकाला लपवणाऱ्या ओळीनंच रेणुका सापडली असती.

म्हणजे नियम सगळ्यांसाठी बदलायला हवा होता. कुठल्याच रुग्णाचं पान संगणक विभागाला दिसू नये. सुहासला नाही, आणि धम्मदीपलाही नाही.

"चल, चहा," सुहास उठला. फाटकाजवळच्या टपरीवर ते रोज एकत्र जायचे.

"तुम्ही व्हा पुढं, सर. माझं पोट बरं नाही."

सुहास थांबला. त्याच्याकडे बघत राहिला. धम्मदीपच्या कपाळावर घाम होता आणि तो खोटा नव्हता.

"डॉक्टरांना दाखवायचं का? चल, मी येतो बरोबर."

"नको, नको. बसलो की बरं वाटेल."

सुहास गेला. जिन्यावरचा त्याच्या बुटांचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर धम्मदीपनं फाइल उघडली.

बाहेर भाद्रपदातलं धुकं खिडकीला चिकटलं होतं. रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांचे हॉर्न एकसारखे वाजत होते. त्यानं ओळ लिहिली. रुग्णाचं पान फक्त त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि नर्सना. बाकी सगळ्यांना मनाई. मग पुन्हा वाचली. बोट एंटरवर थांबलं. लिहिण्यात चूक झाली तर सर्व्हर नवे नियम वाचता वाचता बंद पडायचा. एक्सप्रेस-वेवरून अपघाताचा माणूस आला तर ऑपरेशनच्या टेबलापाशी डॉक्टरांना त्याचा एक्स-रे दिसला नसता. त्यानं आधी तपासणीची आज्ञा दिली. चूक नाही, असं उत्तर आलं. मग सर्व्हरला नवे नियम वाचायला लावले आणि सिस्टरला फोन केला.

"टाका नाव."

"नक्की?"

"टाका. मी बघतो."

बघायला हवंच होतं. दार लागलं की नाही, हे ढकलल्याशिवाय कळत नाही. पान तयार झाल्याचा संदेश आला, तसं त्यानं स्वतःच्या नावानं ते उघडायचा प्रयत्न केला. पडद्यावर 'परवानगी नाही' असं यायला हवं होतं.

पान सरळ उघडलं.

रेणुका. वय. नवा फोन नंबर. राहणार सुदुंबरे, आणि पुढं कुणाच्या घरी, तेही.

त्यानं पान झटकन बंद केलं. पण डोळ्यांनी वाचायचं ते वाचलं होतं. आता ते पुसता येणार नव्हतं.

चूक कुठं झाली? नियम वरून खाली वाचले जातात. जो आधी लागू होईल तोच चालतो, खालच्याकडे सर्व्हर बघतसुद्धा नाही. हे त्याला सुहासनंच शिकवलं होतं. त्याची नवी ओळ सगळ्यात खाली होती आणि सगळ्यात वर सुहासची जुनी ओळ, संगणक विभागाला सगळं खुलं. घाईत तो तेवढंच विसरला होता. आत्ता, या क्षणी, सुहासनं टपरीवर उभ्या उभ्या मोबाइलवरून उघडलं तरी ते पान उघडणार होतं.

त्यानं जुनी ओळ खोडली. दोनदा चुकीची ओळ खोडून परत आणली. नवी ओळ वर नेली. तपासणी. चूक नाही. नवे नियम वाच. मग पान.

'आपल्याला हे पान पाहण्याची परवानगी नाही.'

स्वतःच्या तोंडावर दार लागल्याचा एवढा आनंद त्याला कधी झाला नव्हता.

पण सर्व्हरच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, अजून दोघांकडे होत्या. सुहास आत शिरून सगळं पुन्हा होतं तसं करू शकला असता. धम्मदीप लॅपटॉप काखेत मारून जिना चढला. अधीक्षक नाईकनवरे मॅडमना सिस्टरनी फोनवर सगळं सांगितलेलं दिसत होतं. त्यांनी समोरच्या माणसाला बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"एक पासवर्ड टाकायचाय, मॅडम. तुम्ही स्वतः. मी तोंड फिरवतो."

"म्हणजे यानंतर तुलाही आत जाता येणार नाही?"

"नाही."

"आणि काही बिघडलं तर?"

"तर तुमच्याकडे यावं लागेल. दर वेळी."

मॅडमनी चष्मा लावला. एकेक अक्षर शोधत, एका बोटानं त्यांनी पासवर्ड टाकला. धम्मदीप भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत उभा राहिला.

तो खाली आला तेव्हा सुहास खोलीत होता. धम्मदीपच्या टेबलावर लिंबू-सोड्याचा ग्लास ठेवलेला होता, वर कागद झाकलेला.

"मीठ जास्त टाकायला सांगितलंय. पी. कुठं गेला होतास?"

"मॅडमनी बोलावलं होतं. त्यांचा लॅपटॉप..."

"पी आधी."

धम्मदीप प्यायला. गळ्याखाली जाताना सोडा चटका देत गेला.

दुपार सरता सरता सुहासनं खुर्ची पुढे ओढली आणि काहीतरी टाइप केलं. धम्मदीप त्याच्या बोटांकडे बघत होता. बोटं थांबली. पुन्हा तेच टाइप केलं. मग तिसऱ्यांदा.

"अरे, सर्व्हरला काय झालंय? मला परवानगी नाही म्हणतोय."

धम्मदीपनं रिकामा ग्लास बाजूला सरकवला.

सुहासनं नियमांची फाइल उघडायचा प्रयत्न केला. पासवर्ड टाकला. चुकला म्हणून पुन्हा टाकला. त्याचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. मग तो हळूहळू वळला.

"प्रिंटर," तो म्हणाला. "तळेगावचा प्रिंटर."

सुहासनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तिला काय झालंय? धम्या, काय झालंय तिला?"

"उपचार चालू आहेत. काळजीचं नाही."

"मी रोज बघतो रे. रोज दुपारी तिचं नाव टाकून बघतो. कुठं पडली असेल, पोरीला ताप आला असेल, कुठल्यातरी शाखेत आली असेल... काळजी वाटते म्हणून बघतो. त्यात गुन्हा काय?"

धम्मदीपला एक जुनी संध्याकाळ आठवली. 'रेणुका बाथरूममध्ये घसरली, हात मुरगळलाय,' सुहास म्हणाला होता आणि धम्मदीपनं स्वतः खालच्या मेडिकलमधून क्रेप बँडेज आणून दिलं होतं. 'दाखवा की इथं,' असं तो म्हणाला होता. 'काही नाही रे, मुरगळलंय नुसतं.'

"तुला ठाऊक आहे ती कुठंय," सुहास म्हणाला. तो आता उभा राहिला होता.

खोटं बोलता आलं असतं. सकाळपासून धम्मदीप तेच करत होता. पण आता ते जमेना.

"ठाऊक आहे. सांगणार नाही."

"तुझे वडील वर होते, तेव्हा त्यांच्या उशाशी कोण बसलं होतं?"

"तुम्ही."

"हे काम कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच, सर."

"मग?"

तो टेबलाला वळसा घालून धम्मदीपच्या मागे आला. सुहासनं त्याची खुर्ची दोन्ही हातांनी धरली. पाठीमागून त्याचा श्वास मानेला लागत होता. धम्मदीपला वाटलं, आता हा आपल्याला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं. पण सुहासनं खुर्ची सोडली, हेल्मेट उचललं आणि तो बाहेर पडला.

धम्मदीप खिडकीपाशी धावला. मोटरसायकल फाटकातून बाहेर पडून तळेगावच्या दिशेला वळली.

"सिस्टर, निघाला तो. तिला आधी तिथून काढा."

"अरे, प्लास्टर वलं हाय अजून! हात हलवून चालायचं न्हाई."

"ओलं असू द्या. अँब्युलन्स आहे ना मागं?"

फोन बंद न करता सिस्टर धावल्या. त्यांच्या चपलांचा आवाज, कुणालातरी हाक, मग एक बाईचा आवाज, अगदी जवळून: "आला का?" एवढाच. रेणुकाचा आवाज त्यानं कितीतरी वेळा ऐकला होता. सणाला त्यांच्या घरी जेवायला जायचा तेव्हा 'भावजी, अजून एक' म्हणणारा. तो हाच, हे पटायला वेळ लागला.

जुन्या रस्त्यावर शनिवारची गर्दी होती, म्हणून निभावलं. सुहास पोचला तेव्हा अँब्युलन्स मागच्या गेटनं निघून गेली होती. सिस्टरनी नंतर सांगितलं, त्यानं आरडाओरडा केला नाही. ओपीडीत सगळीकडे फिरून बघितलं, मग ज्या बाकावर ती बसली होती त्याच बाकावर, ते माहीत नसताना, दिवेलागणीपर्यंत बसून राहिला.

"एक्स-रे बघितला का रे तू?" सिस्टरनी विचारलं.

"मला दिसत नाही आता."

"हाड कंपनीच्या जिन्यावर घसरून मोडलं तिचं. कॅन्टीनमध्ये लागली होती. पण त्याच मनगटात जुनं मोडलेलंपण दिसलं डॉक्टरांना. आपसूक जुळलेलं. वाकडं. तवा कुटं दावलंच न्हवतं म्हणती."

 बँडेज आणताना आपण रुंद पट्टीचं मागून घेतलं होतं, हे धम्मदीपला आठवलं.

सोमवारपासून मॅडमनी सुहासला खरेदी विभागात बसवलं. तिथंही तो वेळेवर यायचा, नीट काम करायचा. जिन्यावर समोरासमोर आले की धम्मदीप भिंतीला चिकटून वाट द्यायचा आणि सुहास त्याच्याकडे न बघता जायचा. टपरीवाल्यानं एकदा विचारलं, "भांडलात का?" धम्मदीप म्हणाला, "कामं वाढलीत." दुपारी फोन वाजला की तो आधी दाराकडे बघायचा. गाडीत कुणी सुदुंबऱ्याचं नाव काढलं तरी तो खिडकीबाहेर बघू लागायचा. चंपा म्हणायची, "झोपेत बोलता तुमी हल्ली." तो घाबरून विचारायचा, "काय? काय बोलतो? कुठल्या गावाचं नाव घेतो का?"

दिवाळीच्या आधी सुहासनं राजीनामा दिला. उर्शाच्या बाजूला एका कारखान्यात त्याला काम मिळालं होतं. शेवटच्या दिवशी तो संगणकाच्या खोलीत आला. दारातच उभा राहिला. बारीक झाला होता. कॉलर मानेभोवती सैल दिसत होती.

"बस म्हणणार नाहीस?"

धम्मदीपनं खुर्ची पुढे केली. सुहास बसला नाही.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "रोज पहाटे आपोआप जी प्रत निघते ना सगळ्या पानांची, ती वेगळ्या फोल्डरात पडते. तुझा नियम त्या फोल्डरला लागत नाही. ऑफिसातल्या कुठल्याही मशीनवरून उघडतं ते. पासवर्ड लागत नाही."

धम्मदीपनं वळून सर्व्हरकडे बघितलं.

"कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"मीच ठेवलं होतं ते तसं, सोयीसाठी. त्या शनिवारपासूनच ठाऊक आहे." सुहासनं दाराची कडी उगाच हलवली. "मी उघडलं नाही. खरेदीच्या मशीनवर रोज त्या फोल्डरचं नाव टाइप करायचो आणि पुसायचो. पण उघडलं नाही."

"सर..."

"विश्वास ठेव, नाहीतर नको ठेवू. तेवढं दार लावून घे." तो वळला. जाता जाता म्हणाला, "नियम चांगला लिहिलायस. मी असाच लिहिला असता."

तो गेल्यावर धम्मदीपनं मॅडमकडे धाव घेतली, त्यांच्याकडून पासवर्ड टाकून घेतला आणि ते फोल्डर बंद केलं. मग कुणी ते उघडलं होतं का, हे शोधायला बसला. काहीच सापडलं नाही. त्या वाटेनं कोण आलं, कोण गेलं, याची नोंद ठेवायचीच कुणाला सुचली नव्हती. सुहास खरं बोलला की खोटं, हे सांगणारं आता जगात फक्त सुहासचं तोंड होतं.

धम्मदीप बराच वेळ फोन हातात घेऊन बसला. सुहास खरं बोलला असेल, तर गेल्या कित्येक महिन्यांत त्यानं केलेली ती एकच मोठी गोष्ट होती. रोज समोर उघडं दार, आणि त्यानं आत डोकावलं नाही. आणि खोटं बोलला असेल तर?

त्यानं सिस्टरना फोन लावून फोल्डरचं सांगितलं आणि रेणुकाला पुन्हा हलवावं लागेल का, ते विचारलं.

"आता? परत?" सिस्टर म्हणाल्या. "अरे, प्लास्टर निघालं आत्ता कुटं. पोरगी रमलीये तितं. मैत्रिणी झाल्यात. तो सोताच म्हणतोय ना, बघितलं न्हाई म्हणून? बघायचं असतं तर तुला सांगितलं कशाला असतं?"

"तेही खरं आहे."

"मग?"

"मला काहीच सांगता येत नाही, सिस्टर. तुम्ही तिला सगळं सांगा. त्यानं काय सांगितलं तेपण सांगा, जसंच्या तसं. तिचं तिला ठरवू द्या."

रेणुकानं सगळं ऐकून घेतलं आणि सिस्टरकरवी एकच प्रश्न विचारला. तो हे सांगताना हसत होता का? धम्मदीपनं आठवून पाहिलं. नाही, म्हणाला.  दुसऱ्या दिवशी तिनं सुदुंबऱ्याची खोली सोडली.

पुढं दिवाळी झाली, थंडी पडली. सुहासच्या जागी अजून कुणी आलं नव्हतं. एका सकाळी सिस्टरचा फोन आला. खरोखरच प्रिंटर अडकला होता. धम्मदीपनं काय काय करायचं ते सांगितलं, कागद निघाला, तरी सिस्टर फोन ठेवेनात.

"तिचं बरं चाललंय," त्या म्हणाल्या. "आता ती..."

"सिस्टर, गाव सांगू नका."

"न्हाई सांगत." त्या जराशा दुखावल्या. मग म्हणाल्या, "पोरगी शाळंत जायला लागली. एवढं तर सांगू का न्हाई?"

"हे सांगा की."

"रिक्षानं जाती. नवा गणवेश शिवलाय. मराठीच्या बाईंची लाडकी झालीये म्हणं."

कुठली शाळा, हे धम्मदीपनं विचारलं नाही. फोन ठेवून तो ओपीडीतून चहाला निघाला.

ओपीडी भरली होती. गोव्हित्रीकडची, पवनेकडची माणसं पहाटेच निघून आली होती, कानटोप्या आणि शालींसकट. डॉक्टरांच्या दाराशी शिपाई धोंडिबा मामा उभे होते. नोकरीची शेवटची वर्षं चालली होती त्यांची. हातातला कागद डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी खड्या आवाजात पुकारा केला, "भागुबाई! नवलाख उंबरे! गुडघादुखी!"

धम्मदीप थांबला. त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "मामा, नाव-गाव कशाला ओरडून सांगता? नुसता नंबर पुकारा ना."

"नंबर?" मामांनी त्याच्याकडे बघितलं. "आरं, नंबर कुनाच्या ध्यानात ऱ्हातोय? नावानं हाक मारली का मानूस वळून बघतंय."

"तरी पण, मामा..."

एवढ्यात मागच्या भिंतीपाशी हालचाल झाली. एक म्हातारी, जमिनीला हात टेकून, शेजारणीच्या खांद्याचा आधार घेत उठत होती.

"व्हय रं बाबा, मीच ती," ती तिथूनच म्हणाली, सगळ्या ओपीडीला ऐकू जाईल अशा आवाजात. "हितंच हाय. येती."

बसलेल्या माणसांनी पाय आखडून तिला वाट करून दिली. धम्मदीपही बाजूला झाला, आणि ती दारातून आत जाईपर्यंत तिथंच उभा राहिला.